इतिहास-नागरिकशास्त्राचा तास: उत्तर मागे ठेवा, कागद पुढे करा

इतिहासाच्या तासाला मागच्या बाकांवर काय चालतं ते कुठल्याही शिक्षकाला वेगळं सांगायला नको. मुलं आळशी असतात म्हणून तसं होत नाही, तास सुरू व्हायच्या आधीच सगळं ठरून गेलेलं असतं म्हणून होतं. कारणं पाच, परिणाम सहा, फळ्यावर लिहिले, वहीत उतरवले, परीक्षेत परत केले, विषय संपला. गणितात निदान उदाहरण स्वतः सोडवायला मिळतं, विज्ञानात प्रयोग तरी हाताने करता येतो, आमच्या विषयात मात्र मुलांच्या वाट्याला कायम दुसऱ्या कोणीतरी काढलेलं उत्तर येतं. बरीच वर्षं असं शिकवल्यावर मी एक गोष्ट बदलली, उत्तर आधी सांगायचं बंद केलं. प्रश्न आणि पुरावा मुलांच्या हातात द्यायचा आणि आपण थोडं मागे उभं राहायचं. ऐकायला सोपं वाटतं, करायला तयारी लागते, ती कशी करायची ते इथे सविस्तर लिहितेय.

आधी प्रश्न शोधा

पाठ घ्यायला बसलात की पहिल्यांदा पानं मोजू नका, एकच प्रश्न शोधा. "फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं लिहा" हा प्रश्न नाही, ती आज्ञा झाली. त्याच धड्यातून "१७८९ मध्ये लोक जास्त कशाने चिडले होते, पावाच्या भावाने की करांच्या अन्यायाने?" असं विचारलं तर मुलाला बाजू घ्यावी लागते आणि बाजू घेतली की कारण द्यावं लागतं. शिवाय याला पुरावाही आहे, त्या वर्षी गावागावातून लोकांनी राजाकडे तक्रारींच्या याद्या पाठवल्या होत्या, त्यातले चार-पाच मुद्दे सोप्या भाषेत करून दिले की काम होतं.

प्रश्न चांगला आहे का हे मी असं बघते: प्रामाणिक माणसं यावर दोन वेगळी उत्तरं देऊ शकतात का, आणि ते उत्तर मुलांच्या समोरच्या कागदातून काढता येतं का. पहिलं नसेल तर तो पाठांतराचा प्रश्न, दुसरं नसेल तर नुसत्या गप्पा. "युद्ध वाईट असतं का" यावर वर्ग खूप बोलतो पण तासाच्या शेवटी हाती काही लागत नाही.

आणि हो, दर तासाला हे जमणार नाही. पोर्शन असतो, परीक्षा असते, ते नाकारून चालत नाही. वर्षाला असे सहा-आठ तास नीट झाले तरी खूप आहे, बाकीचे धडे नेहमीसारखे भरभर घ्या.

एक तास जवळून

कसं चालतं ते एका तासावरून सांगते. विषय मेसोपोटेमिया. पुस्तकात दोन ओळी असतात, हमुराबी राजा, त्याची कायदेसंहिता, "डोळ्याला डोळा". मुलांना ते वाक्य आवडतं, फिल्मी वाटतं, आणि कडक पण सगळ्यांना सारखा न्याय असा त्याचा अर्थ ती आपोआप लावून टाकतात. माझा प्रश्न तिथूनच निघाला: हा नियम खरंच सगळ्यांना सारखा होता का?

चार-चार मुलांचे गट केले आणि प्रत्येक गटाला एकच चिठ्ठी दिली. मुद्दाम एकच, कारण चौघांना चार दिल्या की चौघं चार दिशांना वाचत बसतात. चिठ्ठीवर तीन कलमं माझ्या सोप्या शब्दांत. कलम १९६, प्रतिष्ठित माणसाचा डोळा फोडला तर फोडणाऱ्याचा डोळा फोडावा. कलम १९८, सामान्य माणसाचा डोळा फोडला तर एक मिना चांदी द्यावी, म्हणजे साधारण अर्धा किलो. कलम १९९, गुलामाचा डोळा फोडला तर त्याच्या किमतीच्या निम्मी रक्कम द्यावी. बस, एवढंच. मी काही बोलले नाही, घड्याळात सहा मिनिटं लावली आणि फिरत राहिले.

पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही, तेव्हा घाबरून समजावून सांगायला जाऊ नका, माझी सुरुवातीची सगळ्यात मोठी चूक हीच होती. तिसऱ्या मिनिटाला एका गटात कुजबुज सुरू झाली, "अरे म्हणजे डोळ्याला डोळा फक्त श्रीमंतांसाठीच." मग दुसऱ्या गटातून एका मुलीने हात वर केला, एरवी ती तासाला फारशी बोलत नाही, आणि विचारलं, "गुलामाच्या किमतीचे निम्मे पैसे मिळणार कोणाला? गुलामाला?" वर्ग एकदम गप्प झाला. चिठ्ठीवर ते लिहिलेलं नव्हतं. मी उलट विचारलं, किंमत कोणी मोजली होती? मग तीच म्हणाली, "मालकाने. म्हणजे डोळा याचा गेला आणि भरपाई त्याला." मी तासभर बोलले असते तरी हे असं पोचलं नसतं.

इथे तास संपवायचा मोह होतो पण अजून एक पायरी घ्याच. आता तो दगड दाखवा. सव्वादोन मीटर उंच काळा दगड, १९०१ मध्ये आजच्या इराणमधल्या सुसा इथल्या उत्खननात सापडला, सध्या पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. वर कोरलंय की हमुराबी उभा आहे आणि समोर शमाश हा सूर्यदेव बसलाय. खाली सगळी कलमं, जवळपास २८२, आणि सुरुवातीला-शेवटाला राजाने स्वतःची केलेली स्तुती, बलवानाने दुर्बलाला छळू नये म्हणून हे लिहिलं वगैरे. आता विचारा, हा दगड कोणी उभा केला? कोणासाठी? त्या काळी किती लोकांना वाचता येत असेल? मग वाचता न येणाऱ्याला त्या दगडावरून काय कळत असेल? यातून मुलं बरोबर चित्राकडे येतात, की देव आणि राजा समोरासमोर, तेवढं सगळ्यांना कळतं. आणि मग सांगा की प्रत्यक्ष न्यायनिवाडे या कलमांप्रमाणे होत होते का यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. कायदा लिहिलेला असणं आणि तो पाळला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आठवी-नववीतल्या मुलाला या एका दगडावरून कळतं, आणि ते नागरिकशास्त्रातही तसंच कामाला येतं.

"कोणी लिहिलं" हा प्रश्न आधी विचारायची सवय मुलांना आपोआप लागत नाही, ती लावावी लागते. सॅम वाइनबर्ग नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९९१ च्या त्याच्या अभ्यासात ८ इतिहासकारांना आणि शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या ८ हुशार मुलांना एकाच लढाईबद्दलची तीच कागदपत्रं दिली आणि मोठ्याने विचार करत वाचायला सांगितलं. मुलं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ वाचत गेली, इतिहासकार मात्र आधी कागद कोणाचा, कधीचा, ते बघायचे आणि मगच मजकुराकडे वळायचे. मुलांना लढाईची माहिती कमी होती असंही नव्हे, फरक वाचण्यात होता. म्हणून माझ्या प्रत्येक चिठ्ठीच्या तळाला लिहिणाऱ्याचं नाव आणि साल असतं आणि नियम एकच, खालून वर वाचायचं.

आणखी एक प्रश्न कायमचा ठेवा, या कागदात कोणाचा आवाज नाहीये? गुलामाने लिहिलेलं एक अक्षरही त्या दगडावर नाही.

पण आधी माहिती द्या

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. मुलांना काही माहीतच नसेल तर ती विचार कशाचा करणार? काही ठिकाणी "कौशल्य" या शब्दाच्या नादात शिकवणंच बंद होतं, मुलांच्या हातात चार कागद देऊन शोधा म्हणायचं, मग ती बिचारी अंदाज बांधत बसतात आणि त्याला आपण चिंतन म्हणतो. ते चुकीचं आहे. हमुराबीच्या तासाच्या आधी मी बारा मिनिटं सरळ गोष्ट सांगितली, नद्या कुठे, शहरं कशी, राजा कोण, गुलाम कसे व्हायचे (युद्धात पकडलेले, कर्ज न फिटलेले), काळ कुठला, इसवीसनापूर्वी साधारण १७९२ ते १७५०. गोष्ट सांगणं हे आपल्या विषयाचं बळ आहे, ते सोडू नका, फक्त शेवट स्वतः सांगू नका.

गुगलवरचं मुलांनी कसं तपासावं

याच वाइनबर्गने सारा मॅकग्रू यांच्याबरोबर नंतर १० इतिहासकार, बातम्या तपासणारे १० लोक आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी यांना वेबसाइट्स तपासायला दिल्या. गंमत म्हणजे पीएचडी केलेले इतिहासकारसुद्धा छान डिझाइन, मोठं नाव, खाली संदर्भ वगैरे बघून फसले. बातम्या तपासणारे मात्र साइट जवळजवळ न वाचताच तिथून बाहेर पडायचे, नवीन टॅब उघडून या संस्थेबद्दल दुसरे काय म्हणतात ते बघायचे आणि थोड्या वेळात बरोबर उत्तरावर यायचे.

म्हणजे आपण मुलांना "लक्ष देऊन वाच" हे जे सांगतो ते ऑनलाइन मजकुराला पुरत नाही, आधी आजूबाजूला चौकशी आणि मग वाचन. नवीन माणूस दारात आला की आपण त्याच्याच तोंडून त्याची शिफारस ऐकत नाही, शेजारी विचारतो, तसंच. वर्गात एक स्क्रीन असली तरी पुरे. एक साइट उघडा, तीस सेकंदांत बंद करा, मुलांना विचारा आता काय शोधू, आणि त्यांनी सांगितलेले शब्द टाइप करा. दर आठवड्याला पाच मिनिटं केलंत तर दोन महिन्यांत फरक दिसतो.

एआयने लिहिलेला गृहपाठ

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि आपल्या विषयांच्या गृहपाठाची अवस्था सगळ्यात आधी बिघडली, कारण आपले प्रश्नच "सविस्तर उत्तर लिहा" छापाचे होते. पकडायच्या मागे लागू नका. हे एआयने लिहिलंय का ते ओळखणारं टूल त्याच कंपनीने काढलं होतं आणि अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये स्वतःच मागे घेतलं. अशा टूलच्या भरवशावर एखाद्या मुलाला खोटं ठरवणं मला तरी मान्य नाही. एकदा एका मुलीचा निबंध फार चांगला वाटला म्हणून स्टाफरूममध्ये तिच्यावर शंका घेतली गेली आणि तो तिचाच होता, तिचा चेहरा मला अजून आठवतो.

त्यापेक्षा काम बदला. वाचन, शोधणं घरी आणि लिहिणं वर्गात, हाताने, दहा मिनिटं, समोर चिठ्ठी ठेवून. किंवा घरून लिहून आणलेल्यावर दोन मिनिटं तोंडी विचारा, "हा मुद्दा तू कुठल्या कागदावरून घेतलास?" ज्याने खरंच लिहिलंय तो खुशीने सांगतो. तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते, एआयचं उत्तरच वर्गात वाटायचं आणि त्यालाही तेच प्रश्न विचारायचे, हे कोणी म्हटलं, पुरावा कुठाय, कोणाचा आवाज नाही. एआय कधीकधी अस्तित्वात नसलेली पुस्तकं संदर्भ म्हणून देतं, मुलांनी असा एक जरी खोटा संदर्भ स्वतः शोधून काढला की पुढचं भाषण द्यावं लागत नाही.

ऐतिहासिक व्यक्तींशी चॅट करायच्या बॉट्सपासून मात्र जरा जपून राहा. ते आजच्या माणसासारखं गोड, समजूतदार बोलतात, त्या काळचा माणूस तसा विचार करत नव्हता, आणि मुलाला वाटतं आपण पुरावा वाचतोय.

नकाशासुद्धा कागदच आहे

भूगोलवाल्यांनो, तुमच्यासाठी सोपा खेळ. भिंतीवरचा नेहमीचा नकाशा मर्केटर या जुन्या नकाशाकाराच्या पद्धतीचा असेल तर मुलांना विचारा ग्रीनलंड मोठं की आफ्रिका. बरेचजण म्हणतात जवळपास सारखेच. मग पृथ्वीगोल आणा आणि कागद कापून दोन्ही मोजायला लावा. आफ्रिका साधारण ३ कोटी चौरस किलोमीटर, ग्रीनलंड सुमारे २१ लाख, म्हणजे चौदापट फरक. इथे "नकाशा खोटा आहे" म्हणून थांबू नका. मर्केटरने १५६९ मध्ये तो खलाशांसाठी काढला, होकायंत्राची एकच दिशा धरून जायचं तर ती नकाशावर सरळ रेघ यावी म्हणून, आणि त्या कामाला तो उत्तम आहे. मुद्दा असा की एका कामासाठी काढलेला कागद दुसऱ्या कामासाठी भिंतीवर लागला. २०२५ मध्ये आफ्रिकन युनियनने हा नकाशा बदला या मोहिमेला पाठिंबा दिला, म्हणजे विषय ताजा आहे, नागरिकशास्त्राच्या तासालाही चालेल.

वादाचे विषय

याला सगळे टाळतात. पालक काय म्हणतील, मुलं घरी काय सांगतील, कोणी रेकॉर्ड केलं तर. भीती खरी आहे. पण टाळलं तर मुलं तोच विषय मोबाइलवर शिकतात, तिथे समोरच्याचं ऐकून घ्यायला कोणी शिकवत नाही.

मला आधार वाटतो तो १९७६ मध्ये तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतल्या बॉयटल्सबाख नावाच्या गावी ठरलेल्या तीन तत्त्वांचा. शिक्षकाने स्वतःचं मत मुलावर लादायचं नाही. समाजात आणि अभ्यासकांत ज्यावर वाद आहे ते वर्गातही वादाचं म्हणूनच मांडायचं. आणि मुलाला स्वतःची परिस्थिती, स्वतःचं हित ओळखून विचार करता यायला हवा. हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, कोणी विचारलं तर दाखवते.

त्यातला दुसरा मुद्दा नीट समजून घ्या. सगळंच वादाचं नसतं. ज्यूंचा नरसंहार झाला का, हा चर्चेचा विषय नाही, पुरावे डोंगराएवढे आहेत. माणसामुळे पृथ्वी तापतेय का, हाही नाही. पण त्यावर कुठला उपाय करायचा आणि खर्च कोणी सोसायचा, हा उघडा प्रश्न आहे, त्यावर खुशाल भांडू द्या. विषय घेण्याआधी तो उघडा की मिटलेला हे कागदावर लिहा, वर्गात ऐनवेळी ठरवायला जाऊ नका.

आणि वक्तृत्व स्पर्धेसारखा वादविवाद नको, त्यात मोठ्या आवाजाची चार मुलं जिंकतात. अमेरिकेतल्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांनी एक पद्धत बसवली, ती जमते. चौघांचा गट, दोघं एका बाजूचे, दोघं दुसऱ्या. एक जोडी तीन मिनिटं मांडते, दुसरी ऐकते आणि मग तिला पहिल्यांदा समोरच्याचं म्हणणं परत सांगावं लागतं, असं की समोरचा "हो, हेच म्हणालो" म्हणेल. मग उलट. मग बाजू बदलायच्या. शेवटी बाजू सोडून चौघांनी मिळून कशावर पटतंय आणि कशावर नाही ते लिहायचं. वेळ सगळ्यात जास्त त्या "परत सांग"मध्ये जातो आणि जाऊ द्या, खरं शिक्षण तिथेच चाललेलं असतं.

अनुभव द्यायच्या नादात

वर्गात गुलाम-मालक, निर्वासित-सैनिक असे प्रसंग वठवून घ्यायची हौस पुष्कळ शिक्षकांना असते. जेन एलियट या शिक्षिकेने १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, निळ्या डोळ्यांची आणि तपकिरी डोळ्यांची मुलं असे भाग पाडून भेदभाव काय असतो ते तिसरीच्या वर्गाला दाखवलं, ते गाजलं पण मुलांना त्यासाठी दुखवावं का हा वाद आजही चालूच आहे. माझं मत स्पष्ट आहे, करू नका. ज्या मुलाच्या घरी तो इतिहास खरोखर घडलेला असतो त्याला वर्गासमोर तो परत भोगावा लागतो आणि बाकीच्यांना तो खेळ वाटतो.

त्याऐवजी त्या माणसाचे शब्द मोठ्याने वाचा. फ्रेडरिक डग्लस गुलामीतून पळाले आणि १८४५ मध्ये त्यांनी स्वतःची हकीकत छापली, तिच्या सुरुवातीलाच ते सांगतात की मला माझं नक्की वय माहीत नाही. एवढंच वाचा आणि विचारा, मालकाला काय फरक पडत होता याला वाढदिवस कळला तर? मी गप्प बसते. उत्तर यायला वेळ लागतो, येतं.

मार्क कसे द्यायचे

परीक्षेत फक्त सनावळ्या विचारल्यात तर वरचं सगळं मुलं दोन आठवड्यांत सोडून देतील, कारण मार्क कुठे आहेत ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. म्हणून निदान एक पाच मार्कांचा प्रश्न असा ठेवा ज्यात न पाहिलेला कागद दिलेला असेल. मी मार्क असे तोडते: स्पष्ट मत मांडलं, एक. कागदातली नेमकी ओळ पुरावा म्हणून दिली, दोन. कागद कोणाचा यावर काही म्हटलं, एक. आपल्या मताविरुद्ध जाणारी एखादी गोष्ट मान्य केली, एक. माझ्या मताशी पटतं का याला शून्य, आणि हे मुलांना आधीच सांगते.

वर्गात दर अशा तासाला सुरुवातीला आणि शेवटी एकेक ओळ लिहून घेते, "आधी मला वाटत होतं..." आणि "आता मला वाटतं...". चिठ्ठ्या एका जुन्या डब्यात टाकायच्या आणि वर्ष संपताना ज्याच्या त्याला परत द्यायच्या. हमुराबीच्या दिवशीची त्या मुलीची चिठ्ठी अशी होती: आधी मला वाटत होतं कायदा लिहिला की न्याय होतो. आता मला वाटतं आधी बघायचं की कोणाच्या डोळ्याची किंमत लिहिली आहे.